शारिवारीचं दार

खट्.

कडी पडली तेव्हा ओडील बाहेरच्या पायरीवर होती, हातात चुलीतल्या राखेची बादली. आत घर अगदी गप्प होतं, त्यामुळे तो लोखंडी आवाज जाड दारातून थेट तिच्या दातांपर्यंत आला. पायरीवर राख पसरली की सकाळी कुणी घसरत नाही. एवढंच करून लगेच आत यायचं, म्हणून ती कोट न घालता, पायात नुसते मोजे घालून बाहेर पडली होती.

तिने लगेच हाक मारली नाही. लगेच हाक मारली की तो आणखी वेळ लावतो, हे तिला लग्नाच्या पहिल्याच हिवाळ्यात कळलं होतं. समोर नदी गोठून पांढरी पडली होती आणि तिच्यावरून येणारं वारं चाकूसारखं सोलत होतं. खिडकीतून स्वयंपाकघर दिसत होतं. रेजाँ टेबलाशी बसून वाटाण्याचं सूप पीत होता, सावकाश, एकेक चमचा फुंकून. त्याच्यासमोर पाच वर्षांची फ्लावी रंगखडू हातात घेऊन बसली होती आणि रंगवत नव्हती.

मोजे पायरीला चिकटायला लागले, तशी ओडील दाराच्या फटीशी तोंड नेऊन, शेजारी ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, "रेजाँ, दार उघड. चुकलं माझं."

काय चुकलं, ते तिला ठाऊक नव्हतं. जेवताना ती काहीतरी बोलली असेल, किंवा बोलली नसेल. त्याने सूप संपवलं. पावाच्या तुकड्याने वाडगा पुसून घेतला. मग उठून कडी काढली, आणि ती आत येत असताना उलट्या हाताची एक ठेवून दिली. डावीकडची दाढ हलली. तोंडात लोखंडाची चव आली.

फ्लावीला निजवताना ओडील तिच्याशेजारी आडवी झाली. पोरीने आपले लोकरी हातमोजे आईच्या पावलांवर चढवायचा खटाटोप केला. बोटांपुढे ते जाईनात.

"आई, माझा हात पोचला नाही गं," ती कानात म्हणाली. "मी टाचा उंच केल्या. कडी वर आहे. नाहीतर मी उघडली असती."

पोर एकटी बाहेर बर्फात जाऊ नये म्हणून कडी वर लावलेली होती. रेजाँनेच घडवलेली, भक्कम. ओडीलने नेहमीचंच हत्यार बाहेर काढलं.

"वेडाबाई! तालीम होती ती. उद्या शारिवारी आहे ना, भांडी वाजवत मिरवणूक काढायचा खेळ? त्याची."

"मारलं ते पण तालमीतलं?"

"तालमीतलंच."

फ्लावीचा चेहरा मोकळा झाला. या घरात हे खोटं सहज खपायचं, कारण या घरात रोज सकाळी आईबाप दीडशे वर्षांपूर्वीचे कपडे चढवून कामाला जात. नदीकाठच्या जुन्या गावात रेजाँ लोहार होता आणि ओडील तेसिए घराची मालकीण. ठिकठिकाणची जुनी घरं उचलून आणून वसवलेलं ते गाव; लोक तिकीट काढून येत आणि ही माणसं त्यांच्यासमोर पाव भाजत, सूत कातत, लाकडं फोडत. फ्लावी त्यांच्यातच रांगायला शिकली होती. आई दुपारी एका नावाची असते आणि संध्याकाळी दुसऱ्या, यात तिला काही नवल नव्हतं. तिने हे खेळाचं जग एवढं खरं मानलं होतं, की खऱ्यालाही खेळ म्हटलं तर ती मान डोलवायची. ओडीलला तेवढंच टिकवायचं होतं. स्वतःच्या दाढा गेल्या तरी चालतील, पोरीला कळता कामा नये.

*

हिवाळ्याच्या जत्रेच्या दिवशी जुनं गाव फुलून गेलं. आयांनी मुलांना इतके कपडे घातले होते, की पडली तरी ती चेंडूसारखी उसळून उठत. बर्फाच्या चरांत मॅपलचा उकळता पाक ओतला जात होता आणि पोरं तो काडीवर गुंडाळून चोखत होती. मोठी माणसं कुऱ्हाडी फेकण्याच्या खेळाशी रांगेत होती. फळकुटात पातं रुतल्याचा धप्प आवाज आला की टाळ्या पडत. खाटकाच्या पडवीत सोललेलं डुक्कर उलटं टांगलं होतं, त्याच्या नाकाखाली लाल थेंबाचा एक काटा गोठून राहिला होता, आणि लोक मुलांना त्याच्याजवळ उभं करून फोटो काढत होते.

सगळ्यांत जास्त गर्दी लोहाराकडे. रेजाँ भर थंडीत बाह्या सारून उभा होता. घण वर जायचा तेव्हा बायकासुद्धा बोलायचं थांबायच्या. तो पोरांना भाता ओढायला द्यायचा आणि लाल खिळा पाण्यात बुडवून, फुस्स झाल्यावर, हातात ठेवायचा.

"एवढ्या मोठ्या घणाला तुमची बायको भीत नाही का हो?" गर्दीतल्या कुणीतरी विचारलं.

"घणाचं सोडा साहेब, ती मलाच भीत नाही!" रेजाँ म्हणाला. "ती बघा चालली. विचारा तिला!"

सगळे हसले. चण्यापावट्याचं मडकं घेऊन निघालेली ओडीलही हसली, उजव्या बाजूने.

मडकं जड होतं, म्हणून ओव्हिलाने आपली घसरगाडी तिच्याजवळ थांबवली. ओव्हिला म्हातारा गाडीवान. शारिवारीचा म्होरक्याही तोच. आपल्या दोन धिप्पाड पुतण्यांना घेऊन तो दरवर्षी ती मिरवणूक काढायचा. गाडीत त्याच्या मांडीवर फ्लावी बसली होती, हातात लगाम धरल्याच्या थाटात.

"काय गं चिमणे, संध्याकाळी वाजवायला भांडं आणलंस का?"

"आणलंय. आमचं दुधाचं पातेलं. ते चेपलंय ना, म्हणून ठणठण नाही वाजत, ठॅकठॅक वाजतं. आजोबा, आमच्याकडे ना, काल तालीम पण झाली."

"कसली तालीम?"

"शारिवारीची! बाबांनी कडी लावली आणि आई बाहेर. नुसते मोजे होते पायात. मग आत आल्यावर बाबांनी तालमीतलं मारलं, पण आवाज अगदी खरा आला. आता आई एकाच बाजूने चावते. तुमची घोडी चावते ना, तशी."

ओव्हिलाने लगाम आवळून धरला. घोडीच्या नाकातून वाफ निघाली. म्हातारा मान वळवून ओडीलकडे बघत राहिला, मग त्याची नजर तिच्या टोपीच्या काठाखालून गालावर आली.

"पोरांचं काय, ओव्हिलाकाका," ओडील म्हणाली. "तोंडाला येईल ते बोलतात."

"शारिवारीत बाई बाहेर नसते, चिमणे," ओव्हिला पोरीलाच म्हणाला. "बाई आत असते. बाहेर काढतात ते नवऱ्याला."

"म्हणजे बाबा चुकले?"

"चुकले."

त्याने पोरीला उतरवून पाकाच्या रांगेत पाठवलं आणि मडकं गाडीत घेतलं.

"आमची थोरली बहीण फार धांदरट होती म्हणे," तो एकदम म्हणाला. "सारखी पडायची. जिन्यावरून पड, गोठ्यात पड. शेवटची पडली तेव्हा आम्ही सगळे चांगले कपडे घालून मयताला गेलो आणि तिच्या नवऱ्याचा हात हातात घेऊन म्हणालो, फार वाईट झालं."

"काका, तुम्हाला माझी शपथ आहे. काही करू नका. घरी येऊन तो मलाच..."

"मी काय करणार? म्हातारा माणूस. मी भांडी वाजवतो," ओव्हिला म्हणाला आणि घोडीला टिचकारी दिली. "तू दार वेळेवर उघड, म्हणजे झालं."

*

सूर्य नदीपलीकडे टेकला तशी मशाली पेटल्या. तेसिए घरासमोर माणसांचं कडं झालं. पुढे पोरं, पातेली-पळ्या-झाकणं घेऊन. ओव्हिलाने बैलाच्या शिंगांचा मुखवटा चढवला आणि उंच ओंडक्यावर उभा राहून दरवर्षीचं नाटकातलं भाषण सुरू केलं, "ऐका रे पोरांनो! या घरातल्या लोहाराची पहिली बायको जाऊन माती सुकली नाही, तोवर त्याने एक तरुण विधवा आणली घरात. गावाला विचारलं? नाही! गावाला पाजलं? नाही! मग गाव काय करतं?"

"वाजवतं!" पोरं किंचाळली.

"कुठवर वाजवतं?"

"दार उघडेपर्यंत!"

"कोण उघडणार?"

"बाई!"

"बरोबर. नवरा ओरडला तरी थांबायचं नाही, पाद्री आला तरी थांबायचं नाही. घरची बाई सुरई घेऊन दारात आली की मगच भांडं खाली. वाजवा!"

आणि गोंगाट उठला. आतल्या बाजूला ओडील गरम वाइनची सुरई घेऊन उभी होती. शेजारी रेजाँ, अंगात लांब झगा, डोक्यावर गोंड्याची झोपायची टोपी, लोकांनी हसावं म्हणून. चुलीवर पाहुण्यांसाठी सुपाचं मोठं भांडं रटरटत होतं.

"लवकर उघड, गेल्या वर्षीसारखं," तो दात विचकून म्हणाला. "झग्याखाली काही नाहीये माझ्या. आणि काल ओव्हिलाच्या गाडीशी एवढं काय बोलत होतीस, ते घरी गेल्यावर बघतो."

ते काल नव्हतं, आज दुपारीच होतं. पण ओडीलने दुरुस्ती केली नाही.

दार ढकलून अस्वलाच्या कातड्यातले दोघे पुतणे आत आले. त्यांनी त्याला बखोट्याला धरून बाहेर खेचलं. ओडीलने ठरल्याप्रमाणे दार लावलं.

खट्.

तीच कडी. रेजाँने दोन्ही एकाच दिवशी, एकाच पट्टीतून घडवल्या होत्या. एक इथली, एक घरची, दोन्ही सारख्याच उंच लावलेल्या.

काचेवर बर्फाची नक्षी चढली होती. ओडीलने नखाने एक डोळ्याएवढी जागा खरवडली. बाहेर सगळं बसवल्याप्रमाणे चाललं होतं: रेजाँला लांब वाशावर बसवून दोघे पुतणे गर्दीतून उड्या मारत फिरत होते, रेजाँ पाय झाडत होता, बायका डोळ्यांना पाणी येईस्तोवर हसत होत्या. आता त्याला भुसभुशीत बर्फाच्या ढिगात फेकायचं. मग त्याने हाक मारायची. मग तिने उघडायचं.

त्यांनी ढिगाशी वळण घेतलं नाही. ते घासून साफ केलेल्या वाटेवर आले, जिथे बर्फाची काच झाली होती, आणि वासा उलटा केला.

हाड आपटल्याचा आवाज भांड्यांच्या कल्लोळातूनही तिला वेगळा ऐकू आला. नाटकातला मार आणि खरा मार यांतला फरक ओळखण्यात तिचा हात कुणी धरला नसता.

रेजाँलाही पहिल्यांदा कळलं नाही. तो हसतच उठू लागला. एका पुतण्याने त्याच्या तोंडावर बुक्की मारली. रेजाँने इथल्या रीतीप्रमाणे चर्चच्या वेदीवरच्या एकूणएक वस्तूचं नाव घेऊन शिवी हासडली आणि घण धरणारा हात असा फिरवला, की अस्वलाचा मुखवटा फाटून पुतण्याच्या नाकातून रक्ताची पिचकारी उडाली. गर्दी "ओहो!" करून एक पाऊल मागे सरली आणि पुन्हा जवळ आली. फोन वर झाले. दुसऱ्याने मागून गळ्यात हात अडकवून त्याला आडवा पाडला, पाठीत गुडघा रोवला आणि त्याचं तोंड बर्फावर घासलं, एकदा, पुन्हा, जसं कोणी किसणीवर बीट किसावं. बैलाची शिंगं घातलेला म्हातारा शांतपणे पुढे आला. त्याच्या बुटांना बर्फासाठी लोखंडी दाते होते. त्याने नेम धरून बरगडीत लाथ घातली. मग पाय बाजूला टेकून तोल सावरला, आणि दुसरी घातली.

"ओडील!" रेजाँ ओरडला. "ओडील, दार उघड!"

"नको उघडू!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला. "नको उघडू! नको उघडू!" पोरांनी ताल धरला, पातेल्यांवर, झाकणांवर. आयाही ओरडायला लागल्या.

ओडीलचा हात कडीवर होता. लोखंड इतकं गार, की कातडी चिकटत होती. वर उचलायची, एवढंच. तिला माहीत होतं, आता उघडलं तर तो उठेल, अंग झटकेल, पाहुण्यांना हसून वाइन पाजेल. आणि मग ते घरी जातील. तिला त्याचा वाडगा दिसला, पावाने पुसून लख्ख केलेला. तो सूप फुंकून पीत होता. तो काही रागात नव्हता तेव्हा. त्याला भूक लागली होती.

मागे सूप तळाला लागल्याचा वास आला.

ओडीलने कडीवरचा हात काढला. सुरई टेबलावर ठेवली, चुलीशी गेली आणि मोठी पळी घालून सूप ढवळलं. नीट, तळापासून, कडेने. वाटाणा लागला की सगळ्या भांड्याला करपट चव येते. बाहेर काहीतरी ओलं, जड, पुन्हा पुन्हा पडत होतं. तिने चुलीतलं एक लाकूड मागे ओढलं. पुन्हा ढवळलं.

दारावर टकटक झाली. खालच्या बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर. कुत्रं पंजाने खाजवतं तशी. आणि फटीतून, रक्ताने भरलेल्या तोंडातून, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने:

"ओडील. चुकलं माझं."

ती पळी हातात धरून ऐकत उभी राहिली. आता ती कान देऊन एकच आवाज शोधत होती. एवढ्या भांड्यांत एक चेपलेलं पातेलं, ठणठण न वाजणारं. ठॅक, ठॅक, ठॅक. ते वाजत होतं. सगळ्यांबरोबर, तालात. नको उघडू, ठॅक. नको उघडू, ठॅक.

मग ते थांबलं.

ओडील धावली. कडी उचलली, दार उघडलं.

रेजाँ पायरीवर पालथा पडला होता. जबडा एका बाजूला सरकलेला, एक डोळा मिटलेला. आणि फ्लावी त्याच्याजवळ गुडघे टेकून, दुधाचं पातेलं त्याच्या डोक्यावर उपडं घालून, ते दोन्ही हातांनी घट्ट दाबून बसली होती. शिंगवाल्याचा बूट वर उचललेला, तसाच हवेत थांबला.

"बाई आली!" कुणीतरी ओरडलं. भांडी एकदम गप्प झाली. आणि मग टाळ्या. पोरीकडे बघून बायका "अगं माझी बाय ती!" करत होत्या. कोणाला तरी रक्ताच्या रंगाचं फार कौतुक वाटलं.

गावाची व्यवस्थापक सोलांज गर्दीतून वाट काढत आली. "काय रंगली आज! यंदा कमालच केली तुम्ही लो..." तिची नजर रेजाँच्या जबड्यावर गेली होती.

मग धावपळ. घोंगडी, रुग्णवाहिका, पाहुण्यांना पाकाच्या दिशेने वळवणं. नाक दाबून धरलेला पुतण्या विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता, "घसरला. काचेसारखी झालीये वाट. हिवाळ्यात पडतातच माणसं." रेजाँला उचलून नेताना त्याचा उघडा डोळा ओडीलवर होता, मग तिच्या खांद्यावरून मागे गेला आणि दाराच्या कडीवर थांबला. त्या डोळ्यात राग असता तर तिला समजला असता. तिथे तिने कधी न पाहिलेलं काहीतरी होतं, आणि ते भीतीसारखं दिसत होतं.

ओव्हिलाने मुखवटा काढून काखेत धरला. घामाने त्याचे पांढरे केस कपाळाला चिकटले होते. तो एकाएकी फार म्हातारा झाला होता.

"उशीर केलास, पोरी," तो म्हणाला.

"काका, तुम्हाला थांबता आलं असतं."

"बाई उघडेपर्यंत थांबायचं नसतं." त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. "आम्ही तुझीच वाट बघत होतो."

*

सोलांज गाडी आणायला गेली होती. ती आली की दवाखान्यात जायचं. तेसिए घरात दोघीच उरल्या. ओडीलने फ्लावीला चुलीशी बसवलं, ओले बूट उतरवले, पावलं आपल्या पोटाशी धरून ऊब दिली, सूप वाढलं. सूप करपलं नव्हतं. मग ती दुधाचं पातेलं घासायला बसली. आतल्या बाजूला केस चिकटले होते. घासताना तिच्या लक्षात आलं की त्या पातेल्यात पुन्हा कधी दूध तापवता येणार नाही, तरी ती घासत राहिली.

"आई."

"हं."

"ही पण तालीम होती?"

ओडीलच्या तोंडाशी तो शब्द तयार होता. सवयीचा, गुळगुळीत झालेला. तिने पोरीशेजारी काढून ठेवलेल्या हातमोज्यांकडे पाहिलं. त्यांच्या लोकरीत लाल गोळे वाळत होते.

"नाही, बाळा."

"खरं होतं?"

"खरं होतं."

"आणि काल?"

"काल पण."

फ्लावीने चमचा खाली ठेवला. रडली नाही. कपाळाला बारीकशी आठी घालून तिने सूप तसंच सोडलं, मोज्यांवरच चालत दाराशी गेली आणि तोंड दाराकडे करून टाचा उंच केल्या. हात वर ताणला. बोटं कडीच्या खाली वीतभर अंतरावर हलत राहिली.

"माझा नाही पोचत," ती हात खाली घेत म्हणाली. मग मागे वळून आईकडे बघत तिने विचारलं, "पण आई, तुझा हात तर पोचतो ना?"